तालीम किती वाजता?

दरवर्षी गॅदरिंगच्या आधी नोटीस बोर्डावर एक कागद लागतो. एकांकिका, मूकनाट्य, समूहगीत, लोकनृत्य यांत भाग घेणाऱ्यांनी नावे द्यावीत, आणि खाली अधोरेखित करून : 'मुलींनी मोठ्या संख्येने सहभागी व्हावे.' आठ दिवसांनी तो कागद काढला जातो. मुलांची नावं वीस-पंचवीस, मुलींची तीन-चार. मग कुणीतरी सहज म्हणून जातं, "बघा, मुलींचा प्रतिसादच नाही. त्यांना आवडच नसते."

चार वर्षं हे वाक्य मी ऐकलं. पहिल्या वर्षी ऐकून गप्प बसले. दुसऱ्या वर्षी राग आला. तिसऱ्या वर्षी मात्र मी वही-पेन घेऊन बसले आणि या 'आवड नाही' चा हिशोब मांडला. अभियांत्रिकीत शिकतो आपण, कुठलंही यंत्र चालत नसेल तर 'त्याला आवड नाही' असं म्हणत नाही. कुठे अडलंय ते शोधतो. हा लेख म्हणजे त्या शोधाचा वृत्तांत. मैत्रिणींनी तर वाचावाच. पण बॉईज हॉस्टेलच्या मंडळींनी आणि सरांनी-मॅडमनीही वाचावा ही विनंती.

दोन घड्याळं

पहिल्या वर्षी एकांकिकेसाठी मी नाव दिलं होतं. निवडही झाली. आनंदाने नाचतच हॉस्टेलवर आले. दुसऱ्या दिवशी तालमीची वेळ कळली : रात्री साडेसात ते दहा. आमच्या लेडीज हॉस्टेलची हजेरी सात वाजता. रेक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "बेटा, मला काही हरकत नाही. पण काही झालं तर तुझ्या आईवडिलांना उत्तर मी द्यायचं आहे." दिग्दर्शक सीनियरना विचारलं. ते म्हणाले, "आमची प्रॅक्टिकल्स, चहा, जर्नल सगळं उरकून साडेसातलाच पोरं जमतात. वेळ बदलली तर नाटकच होणार नाही." घरी फोन केला. बाबा म्हणाले, "रातच्या दहाले तुले कोन पोचवून देईन?"

गंमत पहा. तिघांपैकी कुणीही 'तू नाटक करू नको' असं म्हटलं नाही. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. आणि तरी माझं नाटक सुटलं. माझ्याऐवजी शहरात राहणारी एक मुलगी घेतली. तिला घ्यायला तिचा भाऊ स्कूटर घेऊन यायचा. तिची चार वाक्यांची भूमिका चांगलीच झाली, त्याबद्दल तक्रार नाही. मी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवल्या.

तेव्हा मला वाटलं, आपलंच नशीब. आता कळतं, हा नशिबाचा नाही, वेळापत्रकाचा प्रश्न होता. मुलांचं घड्याळ साडेसातला सुरू होत होतं आणि मुलींचं सातला बंद होत होतं. दोन वर्तुळं काढली तर सामाईक भाग शून्य! गणितात याला रिक्त संच म्हणतात. आपण त्याला 'अल्प प्रतिसाद' म्हणतो.

पातूरची भुलाबाई

मी पातूरची. अकोल्याहून वाशीमच्या रस्त्याला लागलं की तीस-पस्तीस किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी गाव. गावाजवळ डोंगरात कोरलेली जुनी लेणी आहेत, टेकडीवर रेणुकामातेचं मंदिर आहे. पण मला इथे सांगायचं आहे ते गावातल्या गल्लीबद्दल.

आपल्या वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मातीचे भुलोजी आणि भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वतीच. दिवेलागणीला मुली जमतात, टाळ्या नाहीतर टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात, मग या घरून त्या घरी. गाण्यांत सासर-माहेर, रुसवे-फुगवे, दागदागिने, वैद्य, भाऊ, सगळं येतं. शेवटी खिरापत. डबा वाजवून दाखवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून त्यात भुलाबाई बसवायची, त्या दिवशी जागरण. नवी ज्वारी घरात येण्याच्या आधीचा हा सण. लहानपणी मी गेलेय. खिरापत ओळखण्यात मी पक्की होते, नुसत्या आवाजावरून फुटाणे की शेंगदाणे ते सांगायची.

कलेच्या भाषेत सांगायचं तर हा चक्क महिनाभर चालणारा मुलींचा महोत्सव आहे. गायन आहे, ताल आहे, फेर आहे, मूर्तिकाम आहे, सजावट आहे. चालवतात मुलीच. अध्यक्ष नाही, उद्घाटक नाही, बक्षीस समारंभ नाही. आणि कुणाचा 'अल्प प्रतिसाद' तर मुळीच नाही!

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आजीला सहज विचारलं, "आजी, तुमच्या वेळी पोरींना घराबाहेर जाऊ देत नव्हते म्हणतात. मग महिनाभर भुलाबाईले कसं काय जाऊ देत?"

आजी म्हणाली, "कायले बोलतीन वो? दिवेलागनीले जायाचं, साऱ्या जनी संगं जायाचं अन् साऱ्या जनी संगंच येयाचं. आज कोनाच्या घरी हाये हे साऱ्या गल्लीले ठाऊक राहे."

आजी चौथी शिकलेली. पण तिने एका वाक्यात मला तीन गोष्टी सांगितल्या. वेळ ठरलेली. जागा ठरलेली आणि सगळ्यांना माहीत असलेली. आणि जायला-यायला सोबत. या तीन गोष्टी असल्या की ज्या काळात मुलींना शाळेतही धाडत नव्हते त्या काळातही घर 'हो' म्हणत होतं. आमच्या तालमीत या तिन्ही गोष्टी नव्हत्या. वेळ रोज मागेपुढे, जागा कधी वर्कशॉपमागे तर कधी कँटीनजवळ, आणि परतताना जिची ती.

थोडं मागे वळून

हे फक्त भुलाबाईचंच नाही. मागचा काळ वाचत गेले तसं जाणवलं की आपल्याकडे बायकांची जी कला टिकली, ती अशीच स्वतःची वेळ आणि स्वतःची जागा मिळाली तिथे टिकली. जात्यावरच्या ओव्या घ्या. पहाटेची वेळ, घर झोपलेलं, जात्याशी दोघीजणी. दळण हे काम होतं, म्हणून त्या वेळेवर कुणी हक्क सांगत नव्हतं. त्या वेळेत बायकांनी किती रचना केल्या असतील? हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून ओव्या गोळा करण्याचं काम झालं, तेव्हा संग्रह एक लाखाच्या वर गेला! त्यांपैकी बहुतेकींनी कधी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. तेव्हा प्रतिभेची कमतरता हा मुद्दाच बाद करू.

आता उलटं उदाहरण. तेही आपल्याच वऱ्हाडातलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८२ साली त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं, पुण्यात छापून आलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवरच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर चिखलफेक चालली होती, त्याला त्यांनी दिलेलं हे सडेतोड उत्तर. भाषा अशी धारदार की आजही वाचताना आपण सावरून बसतो. पुस्तकावर टीकेची झोड उठली. महात्मा फुल्यांनी 'सत्सार' मधून त्यांची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत बहुतेकांना या पुस्तकाचा पत्ताही नव्हता. धैर्य होतं, लेखणी होती. पण त्या एकट्या होत्या. सोबत लिहिणाऱ्या चारचौघी, वाचून दाद देणारं एखादं मंडळ, असं काहीच नव्हतं. त्या काळात बुलढाण्यात ते असणार तरी कुठून?

तिसरं उदाहरण नाटकाचं. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते १८४३ मध्ये. पुढे कितीतरी दशकं मराठी रंगभूमीवर नायिका म्हणजे लुगडं नेसलेले पुरुष. बालगंधर्वांचं मोठेपण आहेच, पण बाईची भूमिका बाईने करायची हे 'सभ्य' घरांत बसत नव्हतं. मग १ जुलै १९३३ ला मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे श्री. वि. वर्तकांचं नाटक केलं. त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या. याआधी स्त्रिया रंगभूमीवर नव्हत्याच असं नाही. पण सुशिक्षित घरातल्या बायका पुरुषांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या म्हणून हे नाटक मोठं वळण मानलं जातं. आता लक्षात घ्या, वर्तकांच्या नाटकात वर्तकांच्याच घरातली पद्मावती! ज्योत्स्नाबाईंचे पती केशवराव भोळे हे संगीताची बाजू सांभाळत होते. म्हणजे इथेही आजीचा तिसरा मुद्दा आला. सोबत! घरचं माणूस तालमीत होतं.

आणि चौथं उदाहरण कॉलेजचं. कुसुमावती देशपांडे. जन्म १९०४, अमरावतीचा. त्या शिकल्या, इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासासाठी लंडनला गेल्या, परत येऊन नागपूरला प्राध्यापक झाल्या. कथा लिहिल्या, समीक्षा लिहिली. १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, हा मान मिळालेल्या पहिल्या स्त्री. पती कवी अनिल, म्हणजे आपल्या मूर्तिजापूरचे! ताराबाई आणि कुसुमावती दोघीही वऱ्हाडातल्या, दोघींच्याही लेखणीत बळ. फरक असा की एकीच्या वाट्याला कॉलेज, ग्रंथालय, सहकारी आणि लिहिणारा जोडीदार आला. दुसरीच्या वाट्याला नाही. मला वाटतं कॉलेजचं खरं काम इथे आहे. कॉलेज कला शिकवू शकेल न शकेल, पण कलेला वेळ, जागा आणि सोबत नक्की देऊ शकतं.

हिशोब

तर तिसऱ्या वर्षी आम्ही काय केलं ते सांगते. सल्ला म्हणून नाही, प्रयोगाची नोंद म्हणून.

आधी मागच्या तालमींचे तास मोजले. चार आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज अडीच तास. एकूण ६० तास. म्हणजे अर्ध्या तासाची एकांकिका उभी करायला साधारण ६० तास लागतात, असं धरलं. मग मुलींकडे कोणते तास आहेत ते पाहिलं. कॉलेज सव्वापाचला सुटतं. ५.२० ते ६.४० अशी एक तास वीस मिनिटं रोज मिळतात, हजेरीला वीस मिनिटं हातात राखून. सोमवार ते शुक्रवार मिळून ६ तास ४० मिनिटं. रविवारी सकाळी १० ते १, तीन तास. आठवड्याला एकूण ९ तास ४० मिनिटं. ६० ला त्याने भागा, सव्वासहा आठवडे येतात.

झालं! उत्तर एवढंच होतं. चार आठवड्यांऐवजी सात आठवडे आधी सुरुवात करायची. रात्रीच्या तालमी लागतात त्या नाटकाला नव्हे, उशिरा जागे होण्याच्या आपल्या सवयीला लागतात. (सबमिशनचंही तसंच, पण तो विषय वेगळा.)

मग पुढच्या पायऱ्या :

१) यादी. लेडीज हॉस्टेलच्या प्रत्येक खोलीत एक कागद फिरवला. 'शाळेत असताना काय काय केलं?' एवढा एकच प्रश्न. 'तुम्हाला काय येतं?' असं विचारलं असतं तर सगळ्यांनी 'काही नाही' लिहिलं असतं. कागद परत आले आणि आम्हीच थक्क झालो. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा पास झालेल्या कितीतरी. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिलेल्या दोघी. एकजण कीर्तनात पेटीची साथ करायची. एक लेझीम पथकात होती. एक चक्क दशावतारी आजोबांची नात, सिंधुदुर्गातली, वऱ्हाडात शिकायला आलेली! एकाच मेसमध्ये दोन वर्षं जेवलो पण एकमेकींना ठाऊक नाही. बारावीच्या सीईटीत हे सगळं पेटीत गेलं होतं, पेटी पुन्हा उघडलीच नव्हती.

२) जागा. वर्कशॉपमागची जागा सोडून सेमिनार हॉल मागितला. कारण तो ऑफिससमोर आहे, दिवे आहेत, लेडीज टॉयलेट जवळ आहे. हे शेवटचं कारण लिहायला संकोच वाटतो, पण अर्ध्या मुली त्यासाठीच तालमीला येत नव्हत्या हे खरं आहे.

३) पत्र. घरी पाठवायचं पत्र मराठीत लिहिलं. तालमीचे दिवस, वेळ, जागा, तिथे हजर असणाऱ्या मॅडमचा फोन नंबर, आणि स्पर्धेच्या गावी जायचं असेल तर मुक्कामाची सोय. त्यावर विभागप्रमुखांची सही घेतली. माझ्या बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "असं असलं त मंग काय हरकत हाये?" 'आज कोनाच्या घरी हाये हे साऱ्या गल्लीले ठाऊक राहे', तेच हे.

४) सोबत. तालीम सुटली की सगळ्या एकत्र हॉस्टेलवर. बसने येणाऱ्या मुलींचे प्रसंग सुरुवातीला घ्यायचे, म्हणजे त्यांची एस.टी. चुकणार नाही.

निकाल? खोटं सांगणार नाही. आमच्या एकांकिकेला बक्षीस मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, शेवट पसरट झाला. बरोबरच होतं त्यांचं. आणि इतकं सगळं करूनही एका मुलीच्या घरून शेवटपर्यंत परवानगी आली नाही. तिच्या काकांनी पत्र वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं. ती मुलगी आमच्यातली सर्वात चांगली नटी होती, हे मी आजही म्हणेन. पहिल्या वाचनाला तिने एकच उतारा वाचला आणि हॉलमधले पंखे ऐकू येतील इतकी शांतता झाली होती. तिने पुढे सात आठवडे आमच्यासाठी संवादांचा पाठ घेतला, प्रॉम्प्टिंग केलं, आणि स्पर्धेच्या दिवशी हॉस्टेलच्या गेटवरून आम्हाला हात केला. तिच्याकडे पाहिलं की वाटतं, वेळापत्रक सुधारून सगळं सुटत नाही. पण जे सुटतं ते तरी आपण सोडवलं पाहिजे.

बाकी हिशोब मात्र बदलला. रंगमंचावर नऊपैकी चार मुली होत्या. आणि पुढच्या वर्षी नोटीस बोर्डावरचा कागद भरला तेव्हा खाली दुसरा कागद चिकटवावा लागला.

संधी कोणत्या?

अनेक मैत्रिणींना वाटतं कला म्हणजे गॅदरिंगचा एक दिवस. तसं नाही. आपलं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ चं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम हे पाच जिल्हे त्याच्याखाली. विद्यापीठाचा युवक महोत्सव, तिथून निवडलेल्यांसाठी राज्यातल्या विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य' हा महोत्सव, जो २००३ पासून भरतो आहे, आणि भारतीय विश्वविद्यालय संघाचे विभागीय व राष्ट्रीय महोत्सव अशा पायऱ्या आहेत. संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मयीन आणि ललित कला असे पाच गट असतात.

नियमांचा साधारण नमुना असा. एकांकिका ३० मिनिटं, रंगमंचावर जास्तीत जास्त ९ जण. प्रहसन १० मिनिटं आणि मूकनाट्य ५ मिनिटं, दोन्हींत ६ जण. समूहगायनात ६ जण. वक्तृत्व ५ मिनिटं. चित्र, कोलाज, पोस्टर, व्यंगचित्र, मातीकाम, रांगोळी यांना अडीच-अडीच तास, विषय तिथेच मिळतो. वयाची मर्यादा २५ वर्षं. नियमपत्रक दरवर्षी नव्याने आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वेळेपेक्षा मिनिटभर जास्त झालं म्हणून गुण गेलेले आहेत.

आता या यादीकडे मघाच्या तीन मुद्द्यांच्या चष्म्यातून बघा. अडीच तासांच्या ललित कलांना तालमीसाठी कुणाचीही वाट पहावी लागत नाही. हॉस्टेलच्या खोलीत, रविवारी, घड्याळ लावून सराव करता येतो. ज्या मुलीला घरून रात्रीची परवानगी नाही तिने इथून सुरुवात करावी. मूकनाट्याला पाच मिनिटं, म्हणून तालमीचे तास कमी. पहिल्यांदा उतरणाऱ्या सहाजणींसाठी उत्तम. समूहगीताची तालीम मेसच्या बाकावरही होते. एकांकिका सगळ्यात महाग, म्हणून तिची तयारी सगळ्यात आधी.

एक सावधगिरी. मुलींचा विभाग म्हणजे रांगोळी, मेंदी आणि पाककला, असं समीकरण करू नका. रांगोळी कमी दर्जाची आहे असं मी म्हणत नाही. अडीच तास एका बैठकीत हाताने रेषा ओढून बघा म्हणजे कळेल. पण 'तुम्ही रांगोळी काढा, आम्ही नाटक करतो' ही वाटणी कुणी केली? आणि ज्या एकांकिका आपल्याकडे बसतात त्यांत स्त्रीपात्रं म्हणजे एक आई, एक बहीण नाहीतर चेष्टेचा विषय झालेली एक हिरॉईन. नऊ पात्रांत मुलींना चार वाक्यं असतील तर कोण कशाला सात आठवडे देईल? म्हणून लेखन स्पर्धेपासूनच मुली हव्यात. आपली बोली हाताशी आहे. प्रतिमा इंगोले यांच्यासारख्या लेखिकेने वऱ्हाडी बोलीत कथा लिहून दाखवल्या आहेत. पातूर, अकोट, दर्यापूरच्या पोरीने कशाला पुण्याच्या भाषेत संवाद लिहायचे?

पडद्यामागे

आणि रंगमंचावरच का? आपण अभियंते आहोत. प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य हा तर आपला घरचा विषय. आमच्या नाटकाचे दिवे इलेक्ट्रिकलच्या मुलीने सांभाळले. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं की १००० वॉटचा एक दिवा २३० व्होल्टवर सुमारे ४.३५ अँपिअर घेतो. १६ अँपिअरच्या सॉकेटवर असे तीन दिवे लावले तर १३ अँपिअर, चौथा लावला की १७ च्या वर. आजवर आपल्या गॅदरिंगला ऐन प्रवेशात दिवे का जायचे, ते त्या दिवशी कळलं! तिने दोन वेगळ्या सर्किटवर दिवे वाटून घेतले, कुठल्या वाक्याला कोणता दिवा याचा तक्ता बनवला आणि प्रयोगभर एकही फ्यूज उडाला नाही. तिला कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण प्रेक्षकांना काही झाल्याचं कळलंच नाही. खरं तांत्रिक काम असंच असतं, नाही का?

शेवटी काही विनंत्या

सरांना आणि मॅडमना : तालमीची वेळ नोटिशीतच छापा. 'नावे द्यावीत' च्या शेजारी 'तालीम ५.२० ते ६.४०, सेमिनार हॉल' एवढं लिहिलं तर निम्मं काम होईल. घरी जाणारं पत्र मराठीत असू द्या. महोत्सवाच्या आठवड्यात टेस्ट ठेवू नका. अभियांत्रिकी प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, २०२४ पासून बऱ्याच मुलींना शुल्कातही पूर्ण सवलत मिळू लागली आहे. मुली कॉलेजात आल्या. आता कॉलेजच्या संध्याकाळीही त्यांना जागा हवी.

हॉस्टेलच्या मुलांना : साडेसातची तालीम साडेपाचला आणा. पहिले दोन दिवस जड जाईल, नंतर रात्र अभ्यासाला मोकळी मिळेल. आमच्या वेळच्या मुलांनी आधी कुरकुर केली, पण त्या सेमिस्टरला एकाचाही विषय राहिला नाही, हे तेच सांगत फिरतात.

मैत्रिणींना : नाव द्यायच्या आधी 'मला जमेल का' असं विचारू नका. 'तालीम किती वाजता' हे विचारा. उत्तर सोयीचं नसेल तर वेळ बदलून मागा. एकटीने नको, सहाजणी मिळून मागा. भुलाबाईला कुणी एकटी जात नाही.

या वर्षी कोजागिरीला आम्ही लेडीज हॉस्टेलच्या अंगणात भुलाबाई बसवली. ज्वारीचे धांडे मेसच्या मावशींनी गावाहून आणले. मूर्ती मातीकामात भाग घेणाऱ्या मुलीने केली. कोकणातली, खानदेशातली, मराठवाड्यातली, सगळ्या फेर धरून होत्या. गाणी येत नव्हती त्या टाळ्या देत होत्या. रेक्टर मॅडम पायरीवर बसल्या होत्या. नऊ वाजले तेव्हा मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "अगं, खिरापत ओळखायची राहिलीय अजून."

डबा हलवून सगळ्यांसमोर फिरवला. मी पहिल्याच खेपेला ओळखलं. फुटाणे!

— अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी, लेडीज हॉस्टेल